दोनशे लक्समधला उपास

मुंबई-ठाण्यात आणि पुण्यात पुनर्विकासाचं वारं सुटल्यापासून जुन्या सोसायट्यांच्या बैठकांत एका नव्या तक्रारीची भर पडली आहे. पाणी, पार्किंग आणि लिफ्टच्या जोडीला आता उजेड. शेजारच्या चार मजली चाळवजा इमारतीच्या जागी बावीस मजले उभे राहिले, की अलीकडच्या दुसऱ्या मजल्यावर सकाळी साडेआठला येणारं ऊन साडेअकराला येतं आणि खिडकीच्या एका गजावर टेकून निघून जातं. १८८२च्या इझमेंट कायद्यात वीस वर्षं बिनबोभाट उपभोगलेल्या उजेडावर हक्क सांगायची सोय आहे खरी, पण कुंडीतल्या मोगऱ्याच्या वतीनं कोर्टात जाणार कोण? माणसं दुकानातून दिवा आणतात.

नौपाड्यातल्या अशाच एका घरी एक निवृत्त शिक्षिका राहतात. अख्खी सोसायटी त्यांना काकू म्हणते. ग्रिलमधली तुळस, पुदिना आणि ओव्याचं झाड त्यांनी आत ओट्याशेजारी आणलं आणि वर ऑनलाइन मागवलेला जांभळा ग्रो लाइट लावला. खोक्यावर १०० वॉट लिहिलं होतं. पहिल्याच रात्री खालून वॉचमननं विचारलं, "काकू, वर बार काढला काय?" बार चालला, झाडं चालली नाहीत. पुदिन्याच्या दोन पानांमधलं अंतर वाढत गेलं, तुळस एका बाजूला झुकली, मंजिऱ्या आल्याच नाहीत. आयटीत असलेल्या भाच्यानं फोनवर एक ॲप उतरवून घेतलं, फोन कुंडीत आडवा ठेवला आणि निकाल सांगितला, "मावशी, चारशे लक्सच आहेत. साधा पांढरा बल्ब लाव, त्याचे अठराशे येतात."

हा सल्ला चुकीचा होता. त्यात भाच्याचा दोष नव्हता, फोनचाही फारसा नव्हता. असे सल्ले सध्या घरोघरी दिले जात आहेत, म्हणून तो नेमका कुठे चुकला ते पाहणं भाग आहे.

मुळात फोन हातात घ्यायची वेळ का येते? कारण या कामात आपले डोळे अगदीच कुचकामी आहेत. दिवाणखान्यात संध्याकाळी दोन ट्यूब लावल्या की आपण म्हणतो, लख्ख उजेड आहे. मोजला तर तो दोनशे लक्सच्या आसपास भरतो, फार तर तीनशे. खिडकीपासून हातभर आत दिवसा हजार-दोन हजार, बाहेर झाडाच्या सावलीत दहा हजार आणि भर दुपारच्या उन्हात एक लाख. म्हणजे ऊन दिवाणखान्याच्या पाचशेपट. आपल्याला मात्र ते पाचशेपट वाटत नाही, जरा जास्त वाटतं, डोळे बारीक करावेसे वाटतात इतकंच. बाहुली लहान-मोठी होते, पडदा आपली संवेदना जुळवून घेतो आणि एवढी मोठी दरी आपल्याला जाणवतच नाही. माणसाच्या दृष्टीनं हे वरदान आहे. पण 'हॉलमध्ये भरपूर उजेड आहे, इथे फिडल लीफ छान राहील' हे वाक्य याच वरदानातून येतं, आणि तीन महिन्यांनी नर्सरीवाल्याचा पुन्हा धंदा होतो.

दोनशे लक्सच्या पांढऱ्या उजेडात झाडाच्या पदरात काय पडतं, त्याचा हिशेब करता येतो. झाडाला प्रकाश मिळतो तो प्रकाशकणांच्या, फोटॉनच्या रूपात. एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती फोटॉन पडतात, ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. पांढऱ्या एलईडीच्या लक्सला साधारण ७०नं भागलं की हा आकडा मिळतो. दोनशेचे झाले जेमतेम तीन. सावलीत वाढणाऱ्या झाडांनाही श्वसनात खर्च होणारी साखर भरून काढायला एक ते पाच मायक्रोमोल लागतात, उन्हातल्या झाडांना दहा ते वीस. म्हणजे दिवाणखान्यातली तुळस रोज थोडी थोडी स्वतःलाच खात असते. उपास करणारं माणूस पहिल्या दिवशी ताजंतवानं दिसतं तशी तीही दिसते. मुळांत आणि खोडात साठवण असते, ती संपेपर्यंत सगळं आलबेल. मनी प्लांट आणि झेडझेड वर्षभर तग धरतात, त्यामुळे आपला गैरसमज आणखी पक्का होतो.

आता लक्सकडे वळू, कारण घोळ तिथेच आहे.

लक्स हे माणसाच्या डोळ्यांसाठी बनवलेलं माप आहे. निरनिराळ्या प्रयोगशाळांत माणसांना बसवून, वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश दाखवून, कोणता किती प्रखर वाटतो हे विचारलं गेलं. त्यावरून एक सरासरी वक्र काढला आणि १९२४ साली आंतरराष्ट्रीय आयोगानं तो प्रमाण म्हणून स्वीकारला. या वक्राचं शिखर ५५५ नॅनोमीटरला, म्हणजे पोपटी-हिरव्या रंगावर आहे. तांबड्या आणि निळ्या टोकांकडे तो झपाट्यानं उतरतो. आज कार्यालयात टेबलावर किती उजेड हवा, रस्त्यावर किती, शस्त्रक्रियेच्या खोलीत किती, हे सगळं या वक्रावर बेतलेलं आहे.

गंमत म्हणजे त्याच १९२४मध्ये जगदीशचंद्र बोस यांचं प्रकाशसंश्लेषणावरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. बोस हायड्रिला या पाणवनस्पतीवर प्रयोग करत होते. शाळेत फनेल आणि परीक्षानळी उपडी घालून बुडबुडे दाखवतात तीच ही वनस्पती. ऑक्सिजनचा बुडबुडा सुटला की आपोआप नोंद व्हावी असं यंत्र त्यांनी बनवलं होतं. तिकडे माणसाच्या डोळ्याला काय वाटतं ते ठरत होतं आणि इकडे कोलकात्यात झाडालाच विचारण्याची सोय होत होती. पुढची शंभर वर्षं बाजारात चाललं ते पहिलं माप.

झाडाच्या बाजूचं माप पक्कं व्हायला १९७२ उजाडलं. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या कीथ मॅक्री यांनी २२ पिकांची पानं घेतली, त्यांच्यावर एकेका रंगाचा प्रकाश टाकला आणि प्रत्येक रंगाच्या किती फोटॉनमागे किती कार्बन डायऑक्साइड बांधला जातो ते मोजलं. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातला जवळपास प्रत्येक रंग पानाला उपयोगी पडतो, हिरवासुद्धा, असं त्यातून दिसलं. त्यावरून सोयीचा नियम निघाला तो असा: या पट्ट्यातला प्रत्येक फोटॉन सारख्याच मोलाचा धरायचा आणि फक्त मोजदाद करायची.

ही दोन मापं शेजारी ठेवली की भाच्याचा घोटाळा उघड होतो. पोपटी प्रकाशाच्या एका मायक्रोमोलचे १४७ लक्स होतात. ६६० नॅनोमीटरच्या गडद तांबड्या प्रकाशाच्या एका मायक्रोमोलचे साडेसात. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याचे सातच्या आसपास. पानाच्या लेखी तिघांची किंमत जवळजवळ सारखी, लक्सच्या लेखी त्यांच्यात वीसपट तफावत! काकूंचा दिवा तांबड्या-निळ्याचाच होता. त्याच्या चारशे लक्सना आठनं भागलं तर पन्नास मायक्रोमोल येतात. पांढऱ्या बल्बच्या अठराशेंना ७०नं भागलं तर सव्वीस. ज्या दिव्याला भाच्यानं चौपट दुबळा ठरवलं होतं, तो जवळपास दुप्पट ताकदीचा निघाला.

म्हणून जांभळा दिवा चांगला, असं मात्र नाही. जांभळ्या दिव्याचं घराणं मोठं आहे. १९९०च्या आसपास अंतराळात भाजी पिकवायच्या तयारीत अमेरिकेत तांबड्या एलईडीखाली लेट्यूस वाढवण्याचे प्रयोग झाले. तेव्हा पुरेसे प्रखर एलईडी तांबडेच मिळत. प्रखर निळा एलईडी १९९३मध्ये जपानमध्ये शुजी नाकामुरांनी बाजारात आणला, आणि त्यासाठी आकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना २०१४चं नोबेल मिळालं. निळ्याच्या वर पिवळ्या फॉस्फरचा लेप दिला की पांढरा तयार होतो, आपल्या घरातला प्रत्येक एलईडी बल्ब हाच. त्यानंतर फक्त जांभळ्यावर अडून राहायचं कारण उरलं नाही. २०१४मध्ये अंतराळ स्थानकावर गेलेल्या 'व्हेजी' या वाफ्यात तांबड्या-निळ्यासोबत हिरवे एलईडीही दिले होते, कारण जांभळ्या उजेडात भाजी भाजीसारखी दिसत नाही. पुढच्या वर्षी अंतराळवीरांनी त्यातलं लेट्यूस खाल्लं. घरातही हाच मुद्दा आहे. जांभळ्या उजेडात मावा, पिवळं पडलेलं पान, बुरशी, काहीच दिसत नाही. झाड आजारी आहे हे कळेपर्यंत ते गेलेलं असतं. माझं मत विचाराल तर स्वयंपाकघरात पांढराच दिवा लावावा.

जांभळा आधीच घेतला असेल तर फोन बाजूला ठेवा आणि प्लगमध्ये खोचायचा वॉटमीटर आणा. काकूंच्या दिव्याच्या खोक्यावरचे १०० वॉट भिंतीतल्या प्लगपाशी १४ भरले. या बाजारात हे सर्रास चालतं. 'हजार वॉट' म्हणून विकल्या जाणाऱ्या पॅनेलनं शंभर खाल्ले तरी विक्रेता 'इक्विव्हॅलंट' या शब्दाआड सुरक्षित असतो. प्रत्यक्ष खर्च होणाऱ्या दर वॉटमागे स्वस्त दिव्यातून दीड मायक्रोमोलच्या आसपास आणि उत्तम दिव्यातून अडीच-तीन निघतात, हा अंदाज फोनवरच्या लक्सपेक्षा जास्त विश्वासाचा.

मग फोन कशासाठी? पांढऱ्या दिव्यासाठी आणि खिडकीसाठी. तिथे तो खरोखर कामाचा आहे, फक्त त्याच्या आत काय आहे ते माहीत हवं.

अँड्रॉइड फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याजवळ किंवा कानाच्या पट्टीपाशी एक बारीक सेन्सर असतो. बाहेर ऊन असलं की पडदा आपोआप उजळतो तो याच्यामुळे. तो नेमका कुठे आहे हे शोधायचं असेल तर लक्स दाखवणारं कुठलंही ॲप उघडायचं आणि बोट फोनच्या वरच्या काठावरून सावकाश सरकवायचं. आकडा एकदम कोसळला की सेन्सर बोटाखाली आला. नव्या काही फोनांत तो पडद्याच्याच खाली दडवलेला असतो, मग पडद्याचा स्वतःचा उजेड आकड्यात मिसळतो, म्हणून ब्राइटनेस अगदी कमी करून मोजावं. आतमध्ये बहुधा दोन प्रकाशसंवेदक असतात, एक सगळं पाहणारा आणि एक फक्त अवरक्त पाहणारा. पहिल्यातून दुसरा वजा करून डोळ्याच्या वक्राच्या जवळपास जाणारा आकडा काढतात. जवळपासच. पडदा उजळायला तेवढं पुरतं, त्याची निर्मिती त्याच कामासाठी झाली आहे.

आयफोनवर बाहेरच्या ॲपना हा सेन्सर वाचू दिला जात नाही, त्यामुळे तिथली ॲप कॅमेऱ्यावर चालतात. 'फोटोन' नावाचं ॲप पुढच्या कॅमेऱ्यावर साध्या पांढऱ्या कागदाची पट्टी लावायला सांगतं. हे पाहून नव्या मुलांना हसू येतं, पण फोटो स्टुडिओत उमेदवारी केलेल्या कुणालाही ते लगेच कळेल. जुन्या हातमीटरवर पांढरा अर्धगोल घुमट असायचा, त्याचं काम हेच: सगळ्या बाजूंनी येणारा उजेड गोळा करून एकसारखा करायचा. भर उन्हात छिद्र सोळावर आणि शटर सव्वाशेवर ठेवायचं, हा फिल्मच्या काळातला पाठ केलेला नियम लक्समध्ये मांडला तर ऐंशी-ब्याऐंशी हजार येतात. कॅमेऱ्यानं उजेड मोजणं ही ॲपवाल्यांची करामत नाही, आपल्या काका-मामांच्या गळ्यात लटकलेली जुनी विद्या आहे.

कागद लावल्यानं आणखी एक अडचण सुटते. पान सपाट असतं. तिरपा येणारा उजेड त्याच्यावर पसरून पडतो आणि कमी भरतो. योहान लँबर्टनं १७६०मध्येच याचा कोसाइनचा नियम मांडला होता. चांगल्या मीटरचा पांढरा माथा हा नियम पाळेल अशा आकाराचा घडवलेला असतो. फोनचा सेन्सर मात्र काचेखाली खोल बसलेला असतो, बाजूनं येणारा उजेड त्याला दिसतच नाही. डोक्यावर एकच बल्ब असेल तर आकडा बरा येतो, पण खिडकीतून आडवा येणारा किंवा चार ट्यूबमधून सगळीकडून येणारा उजेड तो कमी सांगतो. वरून स्क्रीनगार्ड, त्यावर बोटांचे तेलकट ठसे. कोथरूडच्या एका घरात आम्ही तिघांचे फोन एकाच ट्रेमध्ये, एकाच जागी ठेवून पाहिले. एकानं चार हजार सांगितलं, दुसऱ्यानं साडेपाच, तिसऱ्यानं सात.

त्या घरातलं जोडपं गच्चीलगतच्या खोलीत मायक्रोग्रीन्स पिकवतं. लोखंडी रॅक, त्यावर ट्रे आणि प्रत्येक खणाच्या छताला हार्डवेअरच्या दुकानात मिळते तीच वीस वॉटची, दोन हजार ल्युमेनची एलईडी बॅटन. खास ग्रो लाइट त्यांनी घेतलेच नाहीत. तिघांचे आकडे वेगळे आले तेव्हा मला वाटलं, फोनवरचा त्यांचा विश्वास उडेल. बाई म्हणाल्या, "अहो, आमचा फोन एकच आहे ना. तो खोटं बोलत असेल तर रोज सारखंच बोलतो." आणि त्यांनी आपली पद्धत दाखवली. त्या एकाच फोननं, एकाच बाजूनं, डोक्याची सावली पडू न देता मोजतात. ट्यूबपासून वीतभर खाली साडेपाच हजार. अंतर दुप्पट केलं की पावणेतीन हजार. गोल बल्बचं असं होत नाही. त्याच्यापासून दुप्पट लांब गेलं की उजेड चौथ्या हिश्शावर येतो, कारण तो एका बिंदूतून चहूकडे पसरतो. ट्यूब लांबट असल्यानं जवळच्या अंतरात निम्म्यावरच थांबते. शाळेत वर्गव्यस्त नियम पाठ करून आलेला माणूस ट्यूबखाली हमखास चुकतो.

दुसरी गोष्ट कोपऱ्यांची. खणात दोन बॅटन होत्या. मधोमध नऊ-दहा हजार लक्स, कडेच्या ट्रेत निम्मे. मेथीचे कडेचे कोंब लांबोडके आणि फिके येत, ते आधी पाण्याच्या माथी मारलं जात होतं. आता रोज संध्याकाळी ट्रेंची अदलाबदल होते. रॅकच्या दोन्ही बाजूंना थर्माकोलच्या पांढऱ्या पाट्या उभ्या केल्या आहेत, त्यांनी कडेचा आकडा बराच वर आणला. यासाठी त्यांना खरे मायक्रोमोल किती ते कळण्याची गरजच पडली नाही. कुठे कमी आणि कुठे जास्त, एवढं पुरलं. फोनचा सगळ्यात भरवशाचा उपयोग हाच आहे, आणि ॲपच्या जाहिरातीत नेमका तोच नसतो.

खरा आकडा हवा असेल तर वेळेचा गुणाकार करावा लागतो. एका सेकंदाचा उजेड झाडाला कळत नाही, दिवसाची बेरीज कळते. मायक्रोमोलना तासांनी आणि ०.००३६नं गुणलं की दिवसाचे मोल मिळतात. त्या खणात मधोमध १४० मायक्रोमोल, चौदा तास, म्हणजे सात मोल. कोंबांना हे उत्तम. तुळशीला मात्र दिवसाला दहा-बारा मोल तरी हवेत, टोमॅटोला वीस ते तीस. वैशाखात आपल्या उघड्या गच्चीवर पन्नासच्या आसपास पडतात. काकूंची तुळस पांढऱ्या बल्बखाली चौदा तास ठेवली तर तिला सव्वा मोल मिळेल, जांभळ्याखाली अडीच. कुठला दिवा बरा हा वाद दोन्हीकडून निष्फळ होता. दिवा खाली आणायला हवा होता, आणि एकाच्या जागी चार हवे होते. दोन बॅटन चौदा तास लावल्या तर महिन्याला सतरा युनिट जळतात, दीडशे रुपयांच्या आसपास बिल. त्या पैशांत बाजारातून किती जुड्या येतात हे ज्यानं त्यानं पाहावं.

लक्सची सवय फक्त हौशी लोकांना लागली आहे असं नाही. केळीची रोपं तयार करणाऱ्या टिश्यू कल्चर प्रयोगशाळांत आजही उजेड लक्समध्येच सांगतात: पंचवीस अंश तापमान, सोळा तास उजेड, दोन ते तीन हजार लक्स. जळगावच्या जैन इरिगेशननं ग्रँड नैन केळीची टिश्यू कल्चर रोपं शेतकऱ्यांपर्यंत नेली आणि खानदेशातल्या केळीचा चेहराच बदलला. अशा प्रयोगशाळांत बरण्यांच्या रांगांवर पांढऱ्या ट्यूब असायच्या. त्या एकाच प्रकारच्या असल्यामुळे लक्सनं काम भागत होतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बाटलीतल्या बांबूला फुलं आली आणि १९९०मध्ये 'नेचर'मध्ये त्याचा शोधनिबंध आला. मळ्यात ज्या फुलोऱ्यासाठी काही बांबू कित्येक दशकं थांबायला लावतात, तो इथे कपाटातल्या उजेडात आला. ट्यूबच्या तीन हजार लक्सना ७४नं भागायचं, झाले चाळीस मायक्रोमोल. बरणीत साखर घातलेली असल्यानं रोपाला उजेडावर सगळी मदार ठेवावी लागत नाही. आता अशा रॅकवर एलईडी येऊ लागले आहेत आणि वहीत तेच जुने दोन-तीन हजार लक्स लिहिलेले आहेत. दिवा तांबडा-निळा असेल तर त्या वहीचा काही उपयोग नाही.

भागायचा आकडा दिव्यागणिक बदलतो, ॲपमधली 'दिव्याचा प्रकार निवडा' ही यादी त्यासाठीच असते. पांढऱ्या ट्यूबला ७४, सोडियमच्या पिवळ्या दिव्याला ८२, सूर्याला ५४. सूर्याचा ५४ हा आकडा माहीत असेल तर फोन फुकटात तपासता येतो. निरभ्र दिवशी भर दुपारी उघड्यावर आडव्या ठेवलेल्या फोनवर लाखाच्या आसपास लक्स यायला हवेत, म्हणजे दोन हजाराला थोडे कमी मायक्रोमोल. मेच्या मध्यावर, पुण्या-मुंबईत शून्य सावलीचा दिवस असतो तेव्हा, सूर्य थेट डोक्यावर असतो. दिवाळीत तो दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा ऐंशी-नव्वद हजारांवर समाधान मानावं. काही फोन तीस-चाळीस हजारांवर अडून बसतात, ढग येवो की जावो आकडा हलत नाही. त्या फोनचा सेन्सर उन्हाला दमला, घरातल्या दिव्यांना तो चालेल.

खरं यंत्र आहे, त्याला क्वांटम सेन्सर म्हणतात. युटातली अपोजी आणि नेब्रास्कातली लाय-कॉर या कंपन्यांचे सेन्सर जगभर वापरले जातात. त्यांची किंमत शेकडो डॉलरमध्ये, आपल्या चलनात हजारांच्या पटीत. काही रोपवाटिकांना ते परवडतं, तीन कुंड्यांना नाही. अशा यंत्रांनाही आपापल्या प्रमाणाशी ताडून पाहावं लागतं. सूर्याचा उजेड मोजणाऱ्या देशभरच्या वेधशाळांतल्या उपकरणांसाठी हे काम पुण्यात, हवामान खात्याच्या राष्ट्रीय प्रारण केंद्रात होतं. शाळेच्या विज्ञान मंडळांसाठी एक मधला मार्ग आहे. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं बनवलेलं 'फायफॉक्स' हे फुकट ॲप अँड्रॉइडच्या सेन्सरचे आकडे दिवसभर नोंदवून आलेख काढून देतं. खिडकीत फोन ठेवून एक दिवस जाऊ दिला की ऊन किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं ते समोर येतं. दक्षिणेकडच्या खिडकीचा मेमधला आणि डिसेंबरमधला आलेख शेजारी ठेवला तर पुष्कळांना आश्चर्य वाटेल. उन्हाळ्यात सूर्य इतका वर असतो की ऊन आत शिरतच नाही, थंडीत ते थेट जमिनीवर पसरतं.

आतापर्यंतचा सगळा हिशेब अन्नाचा झाला. झाडं उजेडावरून वेळही ओळखतात, आणि त्या कामाला लागणारा उजेड इतका थोडा असतो की मायक्रोमोलचं ॲप तिथे शून्याजवळ घुटमळतं.

शेवंती घ्या. रात्र पुरेशी लांब झाली की ती कळी धरते, म्हणून तिचा बहर दसरा-दिवाळीकडे येतो. पॉलिहाउसमध्ये शेवंती घेणाऱ्याला फुलं सोयीच्या वेळी आणि लांब दांड्याची हवी असतात, म्हणून तो सुरुवातीचे काही आठवडे मध्यरात्री चार तास दिवे लावून रात्रीचे दोन तुकडे करतो. झाडाला वाटतं, रात्र लहानच आहे. पानातलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य तांबड्या प्रकाशानं पालटतं, हे अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल इथे बोर्थविक आणि हेंड्रिक्स यांच्या गटानं १९५२मध्ये लेट्यूसच्या बियांवर दाखवलं होतं. पालटायला शंभरभर लक्स पुरतात, दीड-दोन मायक्रोमोल. एवढ्यानं अन्न काहीच तयार होत नाही, पण कळी थांबते. दिवाळीला आणलेली शेवंतीची कुंडी जो हौसेनं सोळा तासांच्या ग्रो लाइटखाली ठेवतो, त्याला पुढच्या कळ्या का दिसत नाहीत याचंही हेच उत्तर.

मावळातल्या एका शेवंतीवाल्याकडे रात्री अकराला गेलो होतो. पिवळट बल्ब काढून त्यानं एलईडी लावले होते, वीजबिल उतरलं होतं, पण काही ओळींत झाडं गुडघाभर होण्याआधीच कळ्या धरल्या होत्या. पुरवठादाराचं म्हणणं, रोपंच खराब. हा गडी फोन छातीशी आडवा धरून वाफ्यांमधून चालत होता. बल्बच्या खाली एकशे साठ, दोन पावलं पुढे नव्वद, दोन बल्बांच्या बरोबर मध्ये पस्तीस. तिथे पाय रोवून त्यानं टॉर्च मारली. कळ्या त्याच पट्ट्यात होत्या, सरळ रेघेत. जुन्या बल्बांचा उजेड चहूकडे पसरायचा, नव्यांचा कोन अरुंद होता, आणि अंतर मात्र जुन्याच खुणांवर ठेवलेलं होतं. पिवळट बल्बात तांबडा भरपूर असतो, थंड पांढऱ्या एलईडीत कमी, हा वेगळा भाग. तो म्हणाला, "दादा, रोपवाल्याला मी उगाच शिव्या घातल्या. उद्या वायरमनला बोलावतो, प्रत्येक दोघांत एक बसवतो. आणि या पट्ट्यातला माल आधी काढतो. दांडी आखूड आहे, गुच्छाला चालणार नाही, हाराला जाईल. मार्केट यार्डात दिवाळीपर्यंत हाराला भाव आहे."